भरतीला लाट म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या पहिल्या पानावर एक चौकट होती. मुंबईत दुपारी साडेचार मीटरहून उंच लाटा उसळणार, किनाऱ्यावर जाऊ नये, असा मजकूर. ती चौकट मी कापून ठेवली. गेल्या पावसाळ्यातली तशीच चौकट माझ्याकडे आहे, त्याच्या आदल्या पावसाळ्यातलीही आहे. तिन्ही कात्रणं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून हे पत्र लिहिते आहे. तिन्हींत चूक एकच. साडेचार मीटर हा आकडा भरतीचा आहे, लाटेचा नाही. इंग्रजी पत्रकात 'हाय टाइड' असं असतं आणि मराठीत येता येता त्या 'टाइड'ची 'लाट' होते.

मी बडोद्यातल्या मराठी शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला. माझं माहेर कोकणातल्या हर्णैचं. भरती-ओहोटी पुस्तकात वाचायच्या आधी मी पायांनी शिकले. आईनं शिंपल्यांना पाठवलं की पाणी कुठवर उतरलंय ते पाहून जायचं आणि पाणी पाठीमागून यायच्या आत परतायचं. आमच्या घरात घड्याळ होतं, पण समुद्राची वेळ आजी तिथीवरून सांगायची. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हे गणित आमच्या किनाऱ्यावर बऱ्यापैकी बसतं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं हे गणित. त्यात लाटेचा कुठे संबंधच नव्हता. लाट वाऱ्याची, भरती चंद्राची, हे तिला पक्कं माहीत होतं.

आता आकड्याबद्दल. सर्व्हे ऑफ इंडिया भरती-ओहोटीची वार्षिक कोष्टकं काढते. त्यांत कुठल्या बंदरात कोणत्या दिवशी, किती वाजता, पाणी किती मीटर चढेल हे आधीच छापलेलं असतं. मुंबईच्या अपोलो बंदरावर तर १८७८ पासून पाण्याच्या पातळीची नोंद आहे. कोष्टकातली उंची मोजतात ती समुद्राच्या जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून. तेव्हा ४.६ मीटर याचा अर्थ एवढाच की त्या दुपारी सगळं पाणी मिळून त्या रेषेच्या ४.६ मीटर वर येऊन टेकेल. साध्या दिवशीही ते साडेतीन-चार मीटरपर्यंत येतंच. स्वच्छ ऊन आहे, वारा नाही, पाणी आरशासारखं आहे, अशा दिवशीसुद्धा ४.६ मीटरची भरती येऊ शकते. लाटेची उंची ही वेगळी गोष्ट. ती लाटेच्या तळापासून माथ्यापर्यंत मोजतात. तिचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते, आणि तो वाऱ्यावर, वादळावर, दूरच्या समुद्रातल्या हालचालींवर अवलंबून असतो. हे दोन वेगळे आकडे आहेत. आपली चौकट एकाचा आकडा घेते आणि दुसऱ्याचं नाव लावते.

ही शब्दांची कुरकुर वाटेल, म्हणून घरातली गोष्ट सांगते. माझा भाचा बडोद्याहून कामासाठी मुंबईला गेला होता, सोबत बायको आणि दोन मुलं. पेपरात पाच मीटरच्या लाटा वाचून मुलांना दाखवायला मरीन ड्राइव्हला गेला. जाऊ नका असं लिहिलं होतं तरी गेला, कारण एवढी लाट पुन्हा कधी बघायला मिळणार! पाणी कठड्याशी भरून आलेलं होतं, पण लाटा अगदी बेताच्या. तासभर थांबून परतले. मला फोनवर म्हणाला, "मावशी, पेपरवाले उगाच घाबरवतात." तेव्हापासून माझ्या मनात धास्ती आहे. ज्या दिवशी खरोखर तीन मीटरच्या लाटांचा इशारा असेल, त्या दिवशी हा म्हणेल, गेल्या वेळी पाच मीटर म्हणाले होते, काही नव्हतं.

आणि खरं संकट भरतीतच असतं ते वेगळंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी समुद्राला भरती होती. पावसाचं पाणी जिथून समुद्रात जायचं ती तोंडं भरतीनं दाबून धरली. शहर बुडायला लाट लागली नाही. म्हणून मुंबईकराला भरतीची वेळ कळायला हवी, आणि त्यासाठी तिला भरतीच म्हणायला हवं.

हा विषय माझ्या डोक्यात इतका घोळायचं आणखी एक कारण आहे. माझी नात इथे विद्यापीठात शिकते आणि संध्याकाळी ऑनलाइन स्पॅनिश शिकते. तिनं एक आखीव वही केली आहे, तीन रकान्यांची: इंग्रजी, स्पॅनिश, मराठी. तिसरा रकाना तिनं स्वतःच्या हौसेनं घातला, बाईंनी सांगितला नव्हता. गेल्या महिन्यात समुद्राच्या शब्दांचा धडा होता. 'वेव्ह'समोर 'ओला' आणि 'लाट', 'शोअर'समोर 'ओरिया' आणि 'किनारा' असं सरळ चाललं होतं. 'टाइड'पाशी ती अडली. स्पॅनिशमध्ये लिहिलं 'मारेआ'. मराठीत फोनवर पाहिलं तर पहिला शब्द आला 'लाट'. मग ती वही घेऊन माझ्याकडे आली. "आजी, ओला पण लाट आणि मारेआ पण लाट, असं कसं?"

मी म्हटलं, भरती लिही. तिनं लिहिलं. मग म्हटलं, पुढे ओहोटी पण लिही. तिनं विचारलं, एका शब्दाला दोन कशाला? आणि तिथे मी पहिल्यांदाच नीट विचार केला. इतकी वर्षं शिकवून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. इंग्रजी 'टाइड' पाणी येतानाचीही आणि जातानाचीही. स्पॅनिश 'मारेआ' तशीच. मराठीत मात्र दोन्हींना मिळून एक शब्द नाही. आपण जोडीनं म्हणतो, भरती-ओहोटी, आणि एकटा शब्द वापरायचा तर आधी ठरवावं लागतं की पाणी येतंय की जातंय. मालवणकडे तर ओहोटीला सुकती म्हणतात, उतरल्यावर जमीन सुकते म्हणून तो शब्द मला फार आवडतो. गुजरातीत भरती आणि ओट. मराठीत 'टाइड' लिहायचं म्हणजे समुद्राकडे बघून लिहायला लागतं. 'लाट' लिहिणाऱ्यानं बघितलेलं नसतं.

वहीत त्या ओळीला जागा पुरेना, म्हणून नातीनं एक अख्खं पान या एका शब्दाला दिलं. त्या पानावर आम्ही दोघींनी मिळून पुढचे तीन आठवडे भर घातली.

स्पॅनिशची बाजू तिची. 'मार' म्हणजे समुद्र आणि त्यापासून 'मारेआ'. पूर्ण भरतीला 'प्लेआमार', म्हणजे भरलेला समुद्र. पूर्ण ओहोटीला 'बाखामार', खाली गेलेला समुद्र. प्लेआमार ऐकून मला आनंद झाला, कारण आपली भरती भरण्यावरूनच आलेली. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही अशा दोन किनाऱ्यांवरच्या माणसांना पाणी चढताना बघून भांडं भरल्यासारखंच वाटलं. मोठ्या भरतीला तिथले लोक 'मारेआ बीबा' म्हणतात, जिवंत, आणि लहान भरतीला 'मारेआ मुएर्ता', मेलेली. आपल्याकडे उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात तेव्हा उधाण, अष्टमीच्या सुमाराला ते काटकोनात ओढतात तेव्हा भांग.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. उधाणाच्या भरतीला इंग्रजीत 'स्प्रिंग टाइड' म्हणतात. माझ्या नोकरीत एकदा भाषांतर केलेला सरावसंच आला होता, त्यात छापलं होतं 'वसंत ऋतूतील भरती'. मुलं ते पाठ करून परीक्षेत लिहीत होती. इथल्या 'स्प्रिंग'चा वसंताशी काही संबंध नाही, तो उसळी मारून वर येण्याचा स्प्रिंग. उधाण वर्षभर दर पंधरवड्याला येतं, भाद्रपदातही आणि पौषातही. मी वर्गात सगळ्यांच्या संचावर ती ओळ खोडायला लावली. उधाण हा आपला धडधाकट शब्द हाताशी असताना कुणीतरी वसंत लिहिलं, याचा त्या दिवशी मला जितका राग आला तितका आजही येतो.

स्पॅनिशमधला आणखी एक शब्द नातीला कोडं घालून गेला. 'मारेआर्से'. कोशात अर्थ होता चक्कर येणे, मळमळणे. समुद्रावरून आलेलं क्रियापद आणि लोक ते बसमध्येही वापरतात. 'मे मारेओ' म्हटलं की मला मळमळतंय, गरगरतंय. तिनं वहीत 'चक्कर येते' लिहिलं होतं. मी म्हटलं, थांब, आपल्याकडे याला नेमका शब्द आहे. बोटीत मळमळलं की आपण म्हणतो बोट लागली, आणि घाटात मळमळलं की गाडी लागली. माझ्या आईला हर्णैहून दाभोळला जाताना बोट लागायची आणि माझ्या लग्नानंतर बडोद्याला येताना एसटी लागली. पूर्वी स्पॅनिशमध्ये 'मारेआर' म्हणजे जहाज हाकणं. 'कार्ता दे मारेआर' म्हणजे खलाशांचा नकाशा. आज त्याच शब्दाचा पहिला अर्थ गरगरणं. ज्यांनी जहाजं हाकली त्यांच्याच पोटातून तो अर्थ निघाला असणार!

तिच्या ऑनलाइन बाई व्हॅलेन्सियाच्या, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या. त्या म्हणाल्या, आमच्या किनाऱ्यावर मारेआ जवळजवळ कळतच नाही, ती बघायची तर गालिसियाला जा, अटलांटिकवर. बरोबरच आहे. भूमध्य समुद्र चिंचोळ्या तोंडाचा, त्यात पाण्याचा चढउतार अगदी थोडा. गालिसियात पाणी लांबवर उतरतं आणि बाया वाळूत शिंपले गोळा करायला उतरतात. तिथे त्यांना 'मारिस्कादोरा' म्हणतात. त्यांचे फोटो नातीनं मला दाखवले: गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात लांब दांड्याचं दाताळं, वाकलेल्या पाठी. मला हर्णैच्या बायका आठवल्या. त्याच गालिसियाच्या किनाऱ्यासमोर नोव्हेंबर २००२ मध्ये 'प्रेस्टीज' नावाचं तेलवाहू जहाज फुटून बुडालं आणि किनारे काळे झाले. त्याला स्पॅनिशमध्ये म्हणतात 'मारेआ नेग्रा'. शब्दशः काळी भरती, पण मराठी बातमीत लिहायचं ते तेलाचा तवंग किंवा तेलगळती. तसंच २०११-१२ च्या सुमाराला सरकारी शाळांसाठी हिरवे शर्ट घालून लोक स्पेनच्या रस्त्यांवर आले, त्याला नाव पडलं 'मारेआ बेर्दे', दवाखान्यांसाठी आले त्यांची पांढरी 'मारेआ'. इथे मी स्वतः नातीला म्हटलं, हिरवी लाट लिही. माणसांच्या गर्दीला मराठीत लाट शोभते, निवडणुकीतही शोभते. समुद्राच्या पातळीला शोभत नाही.

आता इंग्रजी शब्दाचं मूळ, आणि हे माझ्या वाट्याला आलं. जुन्या इंग्रजीत टाइड म्हणजे पाणी नव्हेच. टाइड म्हणजे वेळ, काळ, पर्व. ख्रिसमसटाइड, ईव्हनटाइड या शब्दांत तो अर्थ अजून शिल्लक आहे. जर्मनमध्ये वेळेला 'त्साइट' म्हणतात, तो याच कुळातला. पाणी चढण्या-उतरण्याची ठरलेली वेळ, या अर्थानं तो शब्द समुद्राकडे गेला आणि मग पाण्यालाच चिकटला. आमच्या शाळेच्या जिन्यात एक सुविचार रंगवलेला होता, 'टाइम अँड टाइड वेट फॉर नन', आणि खाली मराठीत 'वेळ आणि लाट कोणासाठी थांबत नाही'. मी त्याच्यासमोरून रोज चार वेळा जायची. मूळ म्हणीत टाइडचा अर्थही वेळच, वेळ आणि घडी असं म्हटल्यासारखं. पुढे लोकांनी त्यात समुद्र ऐकला. पण लाट कुणीच म्हटलं नव्हतं, आणि लाट तर क्षणभर तरी थांबल्यासारखी दिसते.

यावर काही सापडतंय का हे पाहायला मी आमच्या मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेले. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेलं हे ग्रंथालय. तिथल्या लोखंडी मांडण्या आणि जाड काचेच्या जमिनी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ठाऊक आहे, वरच्या मजल्यावर कुणी चाललं की खाली सावली सरकते. अमरकोश काढून घेतला. नानार्थवर्गात 'वेला' हा शब्द सापडला आणि मी तिथेच उभी राहिले. वेला या एका शब्दाचे अर्थ दिलेत: समुद्राच्या पाण्यात होणारा बदल, काळ आणि मर्यादा. म्हणजे जे इंग्रजांच्या टाइडमध्ये आहे ते आपल्या वेलेत आहे, भरती-ओहोटी आणि वेळ, दोन्ही. मराठीनं त्यातला काळ सांभाळला, आपण म्हणतो वेळ. कोकणीनं किनारा सांभाळला, गोव्यात वेळ म्हणजे समुद्रकिनारा. इंग्रजीत पैशांची अडचण तात्पुरती भागवण्याला 'टाइड ओव्हर' म्हणतात. वारा पडला की गलबत भरतीच्या पाण्यावर पुढे काढायचे, त्यावरून ते आलं. आपण काय म्हणतो? वेळ भागवली, वेळ निभावून नेली. घरी येऊन हे नातीला सांगितलं तेव्हा तिनं त्या पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात 'वेला' लिहिलं आणि भोवती चौकट काढली.

बडोद्याच्या वाचकांना प्रश्न पडेल की आपल्या शहराला समुद्र नाही, या बाईंना भरतीचं एवढं काय. पण आपलं शहर भरतीपासून फार लांब नाही. आपली विश्वामित्री नदी ढाढर नदीला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखातात. हे आखात नरसाळ्यासारखं आहे, तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं. भरतीचं पाणी आत शिरतं तसं कोंडत जातं आणि वर चढतं. भावनगरच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीतलं अंतर दहा मीटरच्या घरात जातं, तिमजली घराएवढं. देशातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांपैकी ही एक. म्हणून भावनगर बंदराला दरवाजा बसवावा लागला, ओहोटीत जहाजं चिखलात बसू नयेत यासाठी पाणी आत अडवून ठेवणारा. आजीचं पाऊणपटीचं गणित इथे तसंच्या तसं चालत नाही, पाण्याला एवढ्या आत यायला वेळ लागतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक वर्णनात आपल्या भडोचच्या भरतीनं दर्यावर्दी कसे हादरायचे ते लिहिलंय. भूमध्य समुद्रावरची माणसं ती, त्यांनी असलं पाणी पाहिलेलं नव्हतं. इथल्या राजाच्या चाकरीतले कोळी लांब नावा घेऊन समोर जायचे आणि परक्या जहाजांना ओढून आत आणायचे. भरती लागली की पुढे न्यायचं, ओहोटी लागली की नदीतल्या खोल डोहात थांबायचं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कोळ्यांनी भरतीला लाट म्हटलं असतं तर एक जहाज भडोचला पोचलं नसतं.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात कारेलीबागेत माझ्या भाचीच्या घरात पाणी होतं. तिच्या शेजाऱ्यांनी मला फोनवर विचारलं, बाई, समुद्राला भरती असेल तर आपलं पाणी उतरणार नाही का? मी सांगितलं की मुखाजवळच्या गावांना भरतीचा फटका बसतो, शहरातल्या पुराचं मोठं कारण पाऊस आणि आजवा धरणाकडून येणारं पाणी. प्रश्न मात्र शहाण्याचा होता. अशा माणसाला लाट सांगितली तर तो पुढचा प्रश्न विचारूच शकत नाही.

मी निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधी नववीच्या मुलांना काव्ही-कंबोईला नेलं होतं. जंबुसरवरून पुढे, मही नदीच्या मुखाशी. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ दिवसातून दोनदा समुद्रात बुडतं आणि दोनदा वर येतं. येणाऱ्यांना तिथे भरतीच्या वेळेचा कागद देतात. पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. आम्ही पोचलो तेव्हा खाली नुसता चिखल, चकचकीत, खेकड्यांच्या भोकांनी भरलेला, आणि पाणी कुठे लांब एक राखाडी रेघ. मुलं दर्शन घेऊन वर आली. पायऱ्यांवर बसली. माझ्या पर्समध्ये खडू कायम असायचा. एका मुलानं तो मागून घेतला आणि पाणी जिथे टेकलं होतं त्या पायरीवर रेघ मारून शेजारी वेळ लिहिली, ४.१०. पाणी चहाच्या रंगाचं, गढूळ. आवाज नाही. फेस नाही. पायरीच्या कडेला नुसतं हलकंसं थरथरत होतं. सव्वाचारला रेघ गेली. त्यानं वरच्या पायरीवर दुसरी मारली. ती गेली. मग सगळीच मुलं मोठ्यानं पायऱ्या मोजायला लागली. खाली पिंड निम्मी बुडाली, मग वर फक्त एक काळा गोल राहिला, मग तोही गेला. एक मुलगी इतका वेळ समुद्राकडे टक लावून बसली होती. ती म्हणाली, "बाई, लाट अजून आलीच नाही." मी म्हटलं, "लाट येणार नाही. ही भरती आहे." तिनं पुन्हा खाली बघितलं. देवळाचा कळस आणि खांबांची टोकं तेवढी वर होती आणि पाणी तसंच, शांत, चढत होतं.

माझं मागणं मोठं नाही. पावसाळ्यात भरतीचा तक्ता द्याल तेव्हा रकान्याच्या डोक्यावर भरती लिहा, वेळ आणि उंची द्या. इन्कॉइसचा लाटांचा इशारा असेल तर तो वेगळ्या ओळीत, लाट म्हणून द्या. एका ओळीची जागा जास्त लागेल. पाणी उतरण्याची, म्हणजे ओहोटीची वेळही दिलीत तर तुंबलेलं पाणी केव्हा निघायला लागेल ते लोकांना कळेल. आणि 'द टाइड हॅज टर्न्ड' या इंग्रजी वाक्याचं 'लाट उलटली' असं मराठी आपल्या क्रीडापानावरही मी वाचलं आहे. तिथे पारडं फिरलं, वारं फिरलं हे शब्द तयार आहेत. उत्साहाला उधाण येतं, लोकप्रियतेला ओहोटी लागते, आनंदाला भरतं येतं. ज्या भाषेत समुद्र इतका खोलवर शिरलेला आहे तिला हे शब्द बाहेरून आणावे लागत नाहीत.

नातीच्या वहीतल्या त्या पानाची छायाप्रत आणि तिन्ही कात्रणं सोबत जोडली आहेत. येत्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मी आणि नात काव्हीला जाणार आहोत, तिच्या व्हॅलेन्सियाच्या बाईंना तिथून व्हिडिओ दाखवायचा आहे. आमच्या गाडीत दोन माणसांची जागा रिकामी आहे. आपला बडोद्याचा वार्ताहर यायला तयार असेल तर सकाळी सात वाजता दांडिया बाजारातून निघू. खडू मी घेतला आहे.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे